नळीतली भागरता

चैतरामबाबू रोज सकाळी मेलेल्या माणसांची विचारपूस करत. लेखाची सुरुवात ठसकेबाज व्हावी म्हणून मी हे वाक्य टाकलेलं नाही. मी माझ्या कानांनी ऐकलंय. ज्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, त्या दिवशी थुंकीच्या डब्यांचा अख्खा ट्रे माझ्या हातून पडता पडता राहिला.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी नागपूरला नर्सिंग शिकून गोंदियाच्या एका इस्पितळात नुकती रुजू झाले होते. मला क्षयाच्या रोग्यांचा वॉर्ड मिळाला, कारण जुन्या सिस्टर तो घ्यायला तयार नव्हत्या आणि नवी आली की तिच्या गळ्यात मारायचा असा रिवाज होता. व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती. मोठे डॉक्टर तिला लॅबोरेटरी म्हणत, चिडले की भूतखाना. बाकी सगळे म्हणत, चैतरामची कोठडी. सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर उजेड पडावा म्हणून उत्तरेकडे एकच खिडकी, उरलेली खोली भरदिवसा अंधारी. कोपऱ्यात तांब्याचं एक कपाट होतं आणि त्याच्या पोटाखाली घासलेटचा दिवा अष्टौप्रहर जळत असे. कपाटात माणसाच्या अंगाइतकी ऊब राहावी म्हणून तो दिवा.

मी दाराशी पोचले तेव्हा आतून आवाज आला. "काऊन वो भागरता, जागीच हायेस? रातभर थंडी लागली का तुले?"

मला वाटलं, आत कुणी बाई आहे. डोकावून पाहिलं तर काळी टोपी घातलेला एक किडकिडीत माणूस कपाटासमोर उभा, हातात एक हिरवीगार काचनळी. दुसरं कुणी नाही.

"कोण भागरता?" मी विचारलं.

"कामठ्याची. मांगच्या पोळ्याले गेली."

"कुठे गेली?"

"मेली जी," तो शांतपणे म्हणाला आणि नळी कपाटात ठेवून दिली.

अशी आमची ओळख झाली. आठ दिवस मी त्या खोलीकडे फिरकले नाही, ट्रे वॉर्डबॉयच्या हाती पाठवत होते. नवव्या दिवशी चैतरामबाबूंनीच मला हाक मारली. "सिस्टरबाई, भूत असतं तं तुमच्या वॉर्डात असतं. इथं तं अंडी हायेत." आणि खरंच अंडी होती. अंडी फोडून, गाळून, त्यात हिरवा रंग घालून ते नळ्या भरत आणि तिरप्या ठेवून वाफेवर घट्ट करत. त्या तिरप्या हिरव्या उतारावर रोग्याच्या थुंकीतला जंतू लावायचा आणि वाट पाहायची. चार आठवडे, सहा आठवडे काहीच दिसत नाही. मग एक दिवस हिरव्यावर पिवळसर कण्या उगवतात. भातगिरणीच्या जात्याखालून पडतात ना, अगदी तशा. त्या कण्या म्हणजे क्षयाचा जंतू. "नळी खोटं बोलत नाई जी," ते म्हणत, "हळू बोलते, एवढंच."

इथवर ठीक होतं. पण माणूस मेल्यावरही चैतरामबाबू त्याची नळी फेकत नसत. काही महिन्यांनी त्यातली एक कणी तारेनं उचलून ताज्या नळीत लावत, पुन्हा काही महिन्यांनी दुसऱ्या ताज्या नळीत. माणूस जळून राख झाला तरी त्याच्या छातीतला जंतू त्या कपाटात ऊब खात जिवंत. अशी दहा-बारा माणसं त्यांच्याकडे होती. नळीवर चिकटपट्टी, तिच्यावर नंबर नाही, नाव. मी म्हटलं, बाबूजी, नंबर लिहावा, अशी नावं वाचून अंगावर काटा येतो. ते म्हणाले, "नंबर पुसला तं मानूस हरवते. नाव पुसलं तरी आठवते."

"पण ठेवता कशाला? काय करायचंय या मेलेल्यांचं?"

"नवं औषध येते. ते चालते का नाई हे कोनाले विचारू? जित्याले विचारलं अन् चुकलं, तं तो मरते. मेल्याले विचाराले काय हरकत हाय?"

कपाळ माझं! मी रिकामा ट्रे उचलून वॉर्डात परतले.

त्यांच्या तळहातांवर रेषा नव्हत्या. कार्बोलिकच्या जंतुनाशक पाण्यात हात धुऊन धुऊन पुसून गेल्या होत्या. बाजारातल्या एका हात पाहणाऱ्यानं त्यांचा हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि न बोलता सोडून दिला, असं ते स्वतःच हसून सांगत. बायको कोठडीच्या धास्तीनं दरेकशाला माहेरी जाऊन राहिली होती. रोग्याच्या चेहऱ्याकडे ते कधी पाहत नसत. वॉर्डात तर पाऊलच टाकत नसत. "चेहरा पाह्यला का डोरे खोटं वाचतात. गरीब दिसला तं वाटते, नसावाच जंतू." सूक्ष्मदर्शकावरून उठले की निंबाखाली जाऊन चहा पीत. खोलीत पाण्याचा घोटसुद्धा नाही. मी एकदा चुकून आत पेरू खाल्ला तेव्हा तो माझ्या हातातून हिसकावून त्यांनी थेट वाफेच्या चुलीत टाकला.

वॉर्डबॉय लोकांनी त्यांच्याबद्दल नाही नाही ते उठवलं होतं. त्या कपाटाखालचा दिवा फडफडला की वॉर्डातलं एक जातं, म्हणे. मी हसायची. पण एका दुपारी माझं हसू थांबलं. दरेकशाचा एक लाकूडतोड्या माझ्या डोळ्यांदेखत गेला. मृत्यूचा कागद घेऊन कोठडीत गेले तर चैतरामबाबू त्याचीच नळी खिडकीशी धरून उभे. सकाळपर्यंत कोरी असलेल्या नळीत पहिली कणी दिसत होती. "आला का?" ते नळीला म्हणाले. मी आल्या पावली परत फिरले आणि नळाखाली बराच वेळ हात धूत राहिले.

धानकापणी आटोपली आणि कामठ्याहून एक बैलगाडी आली. गाडीत शेवंता, विशीतली पोर, आणि तिची सासू दुरपताबाई. शेवंताला ताप, खोकला, अंगावर मांस नाही. नाव-गाव लिहून घेताना सासू म्हणाली, "मोठी सून इथंच मेली जी. भागरता." माझी लेखणी थबकली. म्हणजे ही त्या नळीतल्या भागरताची धाकटी जाऊ.

मोठ्या डॉक्टरांनी स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया सुरू केल्या. ते औषध तेव्हा आम्हाला अमृत वाटायचं. मरणाच्या दारातली माणसं उठून बसलेली मी पाहिली होती. पण शेवंता उठेना. दोन आठवडे झाले, तीन झाले, ताप तसाच. आणि तिचा खोकला बदलला. दोन आखूड ठसके आणि मग एक लांबच लांब खेच. दुरपताबाई पायरीवर तांदूळ निवडत होती, ती ऐकून ताडकन उठली. "हा इचा खोकला नाई. हा भागरताचा खोकला हाय."

"खोकल्याला काय नाव असतं?" मी खेकसले.

पण त्याच दुपारी ताप चढला तसा शेवंतानं डोळे मिटूनच हात पुढे केला आणि दाणे टाकल्यासारखी बोटं हलवत म्हणू लागली, "आऽ आऽ आऽ, ये वो, ये." कोंबड्यांना बोलावत होती. दुरपताबाईनं माझा दंड घट्ट धरला. कोंबड्या भागरताच्या होत्या. शेवंता कधी त्यांच्याजवळ जात नव्हती, तिला चोचीची भीती वाटायची. आणि आवाजही शेवंताचा नव्हता, जाड, बसका. मी शिकलेली बाई, तापात माणूस काहीही बरळतो हे मला ठाऊक. तरी सांगते, माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

"भागरता लागली इले," दुरपताबाई म्हणाली. "सुईनं भूत जाते का बाई? उद्या गाडी जुपतो. डोंगराकडं भूत उतरवनारा बैगा हाय, त्याच्यापाशी नेतो."

नेली की मेली, हे मला दिसत होतं. डोंगरापर्यंतसुद्धा ती पोचली नसती. मी तडक कोठडीत गेले आणि चैतरामबाबूंना सगळं सांगितलं. त्यांनी भुताचं काही ऐकलंच नाही. एवढंच विचारलं, "भागरताची जाऊ? एका घरातली? एका चुलीवरची?" मग कपाटातून एक लाकडी स्टँड काढला. त्यात चार नळ्या होत्या, चारींवर भागरताचं नाव. पहिलीत नुसतं अंडं. बाकी तिघींत स्ट्रेप्टोमायसिन मिसळलेलं, एकीपेक्षा एकीत जास्त. औषध चालत असतं तर त्या तीन नळ्या कोऱ्या राहिल्या असत्या. चारींत सारख्याच कण्या होत्या.

"हे पाहा," चैतरामबाबू म्हणाले. "सुईचं औषध हाय इथं, अन् भागरता त्यातच बसून जेवून राहिली. शिकली जी ती. कशी शिकली ते मले समजत नाई. पह्यल्या खेपेले इथून पुऱ्या सुया घरी नेल्या होत्या तिनं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "शेवंताच्या छातीत दुसरं कोनी नाई. भागरताच हाय."

आम्ही दोघं मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. दोन नवी औषधं तेव्हा थोडी थोडी येऊ लागली होती, एक गोळी आणि एक कडूजहर भुकटी. ती दोन्ही मिळून शेवंताला द्यावीत, असं चैतरामबाबूंचं म्हणणं. डॉक्टर भडकले. "मुर्दा औरत की रिपोर्ट पर ज़िंदा औरत की दवा बदलूँ? उसके अपने थूक का कल्चर लगाओ, छह हफ़्ते रुको."

"छह हफ़्ते वो रुकेगी क्या, साब?" चैतरामबाबूंनी विचारलं.

डॉक्टरांनी साठ्याची वही उघडून पाहिली. मग म्हणाले, "कल तो वो बैगा के पास जा रही है." साठा इतका कमी, की निघून जाणाऱ्या रोग्याला ते एक गोळीही देणार नव्हते. "पहले उन लोगों को रोको, फिर बात करो." बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं.

आणि चैतरामबाबू वॉर्डात आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दुरपताबाई गाठोडं बांधत होती. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "तुमचं खरं हाय, बाई. भागरता लागली इले."

मला इतका संताप आला! शिकल्यासवरल्या माणसानं हे बोलावं? मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "ती माझ्यापाशी हाय. पाहाची हाय का?"

म्हातारी कोठडीत आली. दारातच तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला. चैतरामबाबूंनी स्टँड खिडकीच्या उजेडात ठेवला. त्यांनी काही लपवलं नाही. ह्या कण्या जिवंत आहेत, भागरताच्या छातीतून आल्या, आता शेवंताच्या छातीत ह्याच आहेत, हे सगळं सांगितलं. "सुईले ही भेत नाई. दुसरं औषध पायजे. कशी शिकली ही, तेच समजत नाई जी. सुया तं पुऱ्या नेल्या होत्या ना घरी?"

"पुऱ्या नेल्या," दुरपताबाई म्हणाली. आणि मग, मान जराशी उंच करून, "माझ्या घरात दोन्ही सुनांत मी कधी फरक नाई केला. लुगडं आनलं तं दोन आनले. मासोळी रांधली तं शेपूट इले तशी तिले. शेवंताबी तवा थोडी थोडी खोकलत होती. मंग गावच्या कंपौंडरले मी म्हनलं, बाप्पा, शिशीतली अर्धी सुई मोठीले दे, अर्धी लहानीले."

चैतरामबाबू स्टुलावर बसले.

"अर्धी सुई म्हंजे जंतूची शाळा, बाई," ते शेवटी म्हणाले. "मरत नाई, शिकते."

दुरपताबाईला समजायला वेळ लागला नाही. "मंग मीच..." एवढंच ती बोलली.

चैतरामबाबूंनी तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत. "नाई जी. तुमाले कोनी सांगतलंच नाई. शिशी देली, सांगतलं नाई. चूक आमची हाय."

"शेवंताले ठेवतो इथं," ती म्हणाली. "देजा तुमचं औषध." मला हायसं वाटलं. मी दाराकडे वळले. मागून म्हातारीचा आवाज आला, "पन माझी सून काऊन कोंडून ठेवली जी? वरीस झालं तिले. मोकरी करा ना." आणि चैतरामबाबू उठायच्या आत तिनं तो स्टँड दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि चितेपाशी मडकं फोडतात तसा जमिनीवर आपटला.

काचा सगळीकडे उडाल्या. चैतरामबाबूंनी आम्हा दोघींना धरून अक्षरशः बाहेर ढकललं आणि दार लावून घेतलं. आतून कार्बोलिकचा वास येत राहिला, फडकं पिळल्याचा आवाज येत राहिला. दोन तासांनी ते बाहेर आले, तोंडावर ओला गमछा, डोळे लाल. "गेली," ते म्हणाले. "तेवढ्याच नळ्या होत्या तिच्या." दुरपताबाईनं त्यांना लवून नमस्कार केला.

शेवंताला गोळ्या आणि भुकटी सुरू झाली. ती भुकटी ती ओकायची, मी रागे भरून पुन्हा द्यायची. चौथ्या आठवड्यात ताप उतरला. दोन आठवड्यांनी तिच्या स्वतःच्या थुंकीच्या नळ्या बोलल्या, साध्या नळीत जेवढ्या कण्या तेवढ्याच स्ट्रेप्टोमायसिनच्या नळीत. मोठ्या डॉक्टरांनी नळी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. "चैतराम, तुम्हारी मुर्दा औरत सच बोली," ते म्हणाले. नंतर त्यांनी कधी त्या खोलीला भूतखाना म्हटलं नाही.

औषध दीड वर्ष घ्यायचं होतं. शेवंता घरी गेली आणि दर महिन्याला गोळ्या न्यायला येऊ लागली. येताना टोपलीत अंडी. पहिल्या खेपेला मी म्हटलं, हे कशाला गं? ती म्हणाली, "मामीजीनं धाडले." सासूला ती मामीजी म्हणे. " भागरताबाईच्या कोंबड्या हायेत, तिच्याच कामाले लागू द्या म्हनते." चैतरामबाबूंनी त्या अंड्यांच्या नळ्या केल्या. आपल्या हातानं केल्या आणि दुसऱ्या कुणाला शिवू दिल्या नाहीत.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी मी ट्रे घेऊन व्हरांड्यातून चालले होते. कोठडीतून खोकला ऐकू आला. दोन आखूड ठसके आणि एक लांबच लांब खेच. मी जागच्या जागी उभी राहिले. दार उघडं होतं. चैतरामबाबू छातीवर हात ठेवून हसत होते.

"ऐकलं का जी? मोकरी झाली म्हनत होतो. जमीन पुसता पुसता इथंच येऊन बसली."

त्यांची स्वतःची थुंकी तपासून झाली होती. जंतूंनी काच भरली होती. मी म्हटलं, आजच्या आज गोळ्या सुरू करा. ते म्हणाले, साठा पाहा. मी औषधांचं कपाट उघडलं. नवा साठा अजून यायचा होता, कधी येणार कुणालाच माहीत नव्हतं. होत्या तेवढ्या गोळ्या शेवंताच्या शेवटच्या चार महिन्यांच्या होत्या.

"तिला निम्म्या देऊ," मी म्हटलं. "ती आता धडधाकट झालीय. निम्म्या तुम्ही घ्या. साठा आला की दोघांचं पुरं करू."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. आयुष्यात एकदाच पाहिलं असेल.

"सिस्टरबाई, तुमीबी दोघांत फरक नाई करत वाटते."

मला रडू कोसळलं. नागपूरची शिकलेली मी, सर्टिफिकेटवाली, आणि कामठ्याच्या म्हातारीचंच बोलले होते. मग मी भांडले, शिव्यासुद्धा दिल्या, मोठ्या डॉक्टरांना मध्ये घातलं. चैतरामबाबू हलले नाहीत. साठा आल्यावर घेतो, म्हणाले. तोवर त्यांनी आपल्या दोन नळ्या लावल्या, एक साधी, एक स्ट्रेप्टोमायसिनची. "खात्री करून घेतो. भागरताच हाय का दुसरं कोनी." चिकटपट्टीवर आपल्या वळणदार अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं.

तीन आठवड्यांनी, एका दुपारी, निंबाखाली चहा पिताना त्यांच्या तोंडातून रक्त आलं. ते थांबलंच नाही. मी पोचले तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला सारला, आधी हात धुवून या अशी खूण केली. मी धुवून आले तोवर ते गेले होते.

त्यांच्या तेरवीच्या दिवशी सकाळी मी कोठडी उघडली. दिव्यात रोज घासलेट मीच घालत होते, का घालत होते विचाराल तर सांगता येणार नाही. कपाटातून त्यांच्या दोन नळ्या काढल्या आणि खिडकीशी धरल्या. आदल्या दिवशी दोन्ही कोऱ्या होत्या. आता दोन्हींत कण्या होत्या, सारख्याच. भागरताच होती.

दारात सावली पडली. शेवंता उभी होती, अंगानं भरलेली, डोक्यावर टोपली. महिन्याच्या गोळ्या न्यायला आली होती. कामठ्याला काही कळलं नव्हतं.

"बाबूजी कुठी हायेत?"

मी सांगितलं. कशानं गेले ते सांगितलं नाही. गोळ्यांचं तर मोठ्या डॉक्टरांखेरीज मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आज लिहितेय. ती दारातच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग डोळे पुसून टोपली पुढे केली. "मंग आता अंडी कोनाले देऊ, बाई?"

"मला दे," मी म्हटलं.

तिला तिच्या पुऱ्या गोळ्या मोजून दिल्या, एकही कमी नाही. ती गेल्यावर अंडी फोडली, गाळली, हिरवा रंग घातला. नळ्या तिरप्या ठेवून वाफेवर घट्ट केल्या. त्यांच्या जुन्या नळीतली एक कणी तारेनं उचलून नव्या नळीत लावली आणि पट्टीवर चैतरामबाबूंचं नाव लिहिलं. अक्षर त्यांच्यासारखं वळणदार आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे घेऊन आले, कपाट उघडलं आणि विचारलं, "काऊन जी बाबूजी, जागेच हाये का?"